हार्डडिस्कची हरवलेली पार्टिशने आणि बोलीसंग्रहाची पुनर्प्राप्ती

प्रास्ताविक

भाषा-साहित्याच्या वार्षिकात हार्डडिस्कवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. मी साहित्याचा अध्यापक आहे. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांचे टिपण, प्रबंधाची प्रकरणे, मुलाखती, लोकगीतांची ध्वनिमुद्रणे हे सारे संगणकात गेले आहे. पूर्वी संशोधकाचा शत्रू वाळवी आणि पाऊस होता. आता एका चुकीच्या बटणाने दहा वर्षांचे काम दिसेनासे होऊ शकते. माझ्या बाबतीत ते झाले. त्यातले बरेचसे परत मिळाले आणि थोडे कायमचे गेले. जे परत मिळाले ते कसे मिळाले आणि जे गेले ते का गेले, हे शिक्षक व विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संग्रह आणि त्याचे महत्त्व

मी सुरत शहराच्या गोडादरा भागात राहतो. गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गाने माणसे आली, कापडाच्या धंद्यात लागली आणि इथलीच झाली. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही इथे आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी असा इथल्या मुलाचा दिवस चार भाषांत वाटलेला असतो.

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खान्देशीचा विचार भिल्ल बोलींसोबत केलेला आहे. जनगणनेतही ‘खान्देशी’ अशी वेगळी नोंद होते. मात्र गोडादऱ्यात बोलली जाणारी अहिराणी आता तापीच्या वरच्या खोऱ्यातल्या अहिराणीसारखी राहिलेली नाही. ‘मन्हं’ आणि ‘शे’ टिकून आहेत, पण त्यांच्या शेजारी गुजराती क्रियापदे येऊन बसली आहेत. हा बदल टिपावा म्हणून मी २००९ पासून इथल्या बायकांकडून कानबाईची गाणी, आखाजीची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत आलो. २०१९ च्या दिवाळीपर्यंत २२९ मुद्रणे झाली होती.

त्यांपैकी २१२ संगणकाच्या ‘ई’ या भागात नीट लावलेली होती. उरलेली १७ मुद्रणे त्याच वर्षीच्या श्रावणातली, कानबाईच्या उत्सवातली. ती मी घाईत डेस्कटॉपवर उतरवून ठेवली होती; सुटीत नीट लावू म्हणून राहून गेली. त्यांत डिंडोलीच्या एका वृद्ध बाईंच्या ओव्या होत्या. साड्यांना टिकल्या लावता लावता त्या गात. वय ऐंशीच्या पुढचे. आम्ही सारे त्यांना ‘माय’ म्हणत असू. “मास्तर, हे लिखी ठेवा, मन्हं काय, आज शे न सकाय नही,” असे त्या हसत म्हणाल्या होत्या. भाद्रपदात त्या गेल्या. म्हणजे दिवाळीत माझ्या डेस्कटॉपवर होते ते त्यांच्या आवाजाचे एकमेव मुद्रण होते.

मौखिक वाङ्मयाच्या बाबतीत कागदावर किंवा यंत्रात उतरलेली एक प्रत किती मोलाची असते, हे खान्देशाला सांगायला नको. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहीत नव्हत्या. सोपानदेव आणि पीतांबर चौधरी यांनी वेळोवेळी गाणी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचा संग्रह निघू शकला. ती टिपणवही हरवली असती तर मराठी कवितेचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

काय चुकले

माझा संगणक २०१२ सालचा, १ टीबीच्या फिरत्या हार्डडिस्कचा. विंडोज १० वर तो फार मंद झाला होता. लिनक्सवर तो बरा चालेल असे कळले. पण विंडोज काढूनही चालणार नव्हते, कारण माझे जुने लेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे आणि त्याचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. म्हणून एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवायच्या, सुरू करताना हवी ती निवडायची, म्हणजे ज्याला ड्युअल बूट म्हणतात ते करायचे ठरवले.

पेनड्राइव्हवरून उबुंटूची मांडणी सुरू केली. तिथे तीन पर्याय होते: विंडोजच्या शेजारी बसवा, डिस्क पुसून बसवा, किंवा ‘समथिंग एल्स’, म्हणजे स्वतः मांडणी करा. आपल्याला नेमकी जागा ठरवता येईल म्हणून मी तिसरा पर्याय घेतला. पुढच्या पडद्यावर ‘न्यू पार्टिशन टेबल’ असे बटण होते. नवे पार्टिशन तयार करायचे तर हेच असावे असे वाटून ते दाबले. इशारा आला, तो मी नियमाच्या छापील मजकुरासारखा न वाचता पुढे सरकवला. डिस्क सगळी रिकामी दिसू लागली. तेव्हाच थांबायला हवे होते, कारण या टप्प्यापर्यंत डिस्कवर प्रत्यक्षात काहीही लिहिले गेलेले नसते. पण ‘ही रिकामी जागा म्हणजे लिनक्सची’ अशी माझी समजूत झाली. सुरुवातीला ४० जीबी लिनक्ससाठी आणि ४ जीबी स्वॅपसाठी दिले आणि मांडणीला संमती दिली. फाइली उतरू लागल्यावर ‘डी’ आणि ‘ई’ कुठेच दिसत नाहीत हे लक्षात आले आणि मी बटण दाबून संगणक बंद केला.

गोडादऱ्यातच संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, आता चालू करूच नका. विंडोज पुन्हा टाकू नका, कुठलं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवू नका. डिस्क काढून माझ्याकडे घेऊन या.” पुढचे सारे यश या एका वाक्यावर उभे आहे.

डिस्क आपली अनुक्रमणिका कशी ठेवते

हार्डडिस्क ही ५१२ बाइटांच्या लहान खणांची लांबच लांब ओळ असते. या खणाला सेक्टर म्हणतात. १ टीबीच्या डिस्कमध्ये सामान्यतः १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. (विंडोज अशी डिस्क ९३१ जीबीची दाखवते. त्यात फसवणूक नाही: विकणारा हजारांच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत.)

यांतला अगदी पहिला सेक्टर महत्त्वाचा. जुन्या पद्धतीत त्याला एमबीआर म्हणतात. त्याचे पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीचे, नंतरचे ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेचे. तक्त्याच्या ६४ बाइटांत चारच ओळी मावतात, प्रत्येकी १६ बाइटांच्या. प्रत्येक ओळीत मुख्यतः तीन गोष्टी असतात: भाग कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे. चारपेक्षा जास्त भाग हवे असतील तर एका ओळीत ‘विस्तारित’ भाग नोंदवून त्याच्या आत ‘लॉजिकल’ भाग करतात.

माझ्या डिस्कवर ५०० एमबीचा विंडोजचा राखीव भाग, १५० जीबीचा ‘सी’, ३०० जीबीचा ‘डी’ आणि उरलेल्या सुमारे ४८० जीबीत विस्तारित भागाच्या आत ‘ई’ अशी मांडणी होती.

आता झाले ते असे. ‘न्यू पार्टिशन टेबल’ने त्या ६४ बाइटांतल्या जुन्या ओळी गेल्या आणि तिथे लिनक्स व स्वॅप या नव्या ओळी आल्या. ‘डी’ आणि ‘ई’ जिथे होते तिथेच, जसेच्या तसे राहिले. फक्त ते तिथे आहेत हे सांगणारी नोंद गेली. पोथीची अनुक्रमणिका फाटली, पाने जागेवरच होती. ‘सी’ची गोष्ट वेगळी. त्याच्या सुरुवातीच्या ४४ जीबींवर नवे भाग बसले आणि त्यांवर प्रत्यक्ष लिहिले जाऊ लागले. तिथे पानांवरच नवी शाई पडली होती.

हा फरक प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावा. ड्युअल बूट फसते तेव्हा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते.

१. केवळ सुरुवातीची निवड बिघडते. विंडोज डिस्कवर शाबूत असते, पण यादीत दिसत नाही. लिनक्सच्या ग्रबमध्ये २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणे मुळातच बंद ठेवलेले असते, त्यामुळे असे पुष्कळदा होते. लिनक्सच्या फाइल-खिडकीतून जुने भाग उघडत असतील तर माहितीला धोका नाही. ग्रबची यादी नव्याने करणे पुरते.

२. पार्टिशनचा तक्ता जातो. भाग दिसत नाहीत, पण मजकूर जागेवर असतो. हे बहुतांशी पूर्ण दुरुस्त होते.

३. भागावर नवे लेखन होते. इथे काही मिळते, काही मिळत नाही.

माझ्याकडे दुसरा आणि तिसरा असे दोन्ही प्रकार एकाच डिस्कवर होते.

पहिली पायरी: मूळ प्रत बाजूला ठेवणे

पाठचिकित्सेत दुर्मीळ हस्तलिखितावर कोणी खुणा करत नाही. छायाप्रत काढून तिच्यावर काम करतात. इथेही तेच करावे लागते. विद्यार्थ्याने २ टीबीची नवी बाह्य डिस्क घेतली. माझी डिस्क त्याच्या संगणकाला यूएसबीने जोडून ‘सिस्टिम-रेस्क्यू’ या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मोफत लिनक्सने तो संगणक सुरू केला आणि ‘जीएनयू डीडी-रेस्क्यू’ या आज्ञेने माझ्या डिस्कची सेक्टरन्‌ सेक्टर प्रतिमा एका फाइलीत घेतली. जुन्या यूएसबीच्या वेगाने याला जवळजवळ दहा तास लागले. सोबत ही आज्ञा एक नोंदफाइल ठेवते; मध्ये वीज गेली तर काम तिथूनच पुढे सुरू करता येते.

इथे दोन गोष्टी जपाव्यात. स्रोत कोणता आणि गंतव्य कोणते हे दोनदा तपासावे. उलट दिले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. आणि बाह्य डिस्क फॅट-३२ या रचनेची नसावी, कारण तीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

प्रतिमा पूर्ण झाल्यावर मूळ डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवली. पुढचे सगळे प्रतिमेवर केले.

दुसरी पायरी: तक्ता पुन्हा शोधणे

यासाठी ‘टेस्टडिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले. ते क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले आहे आणि विनामूल्य आहे. त्याला माउस चालत नाही. बाणाच्या कळांनी आणि एंटरने काम करायचे असते. क्रम असा:

प्रथम नोंदफाइल तयार करायची. मग डिस्क किंवा प्रतिमा निवडायची. नंतर तक्त्याचा प्रकार विचारला जातो. माझ्यासारख्या जुन्या डिस्कला ‘इंटेल’, नव्या संगणकांना बहुधा ‘ईएफआय जीपीटी’. पुढे ‘अ‍ॅनलाइज’ आणि मग ‘क्विक सर्च’. यात भाग सापडले नाहीत किंवा अर्धे सापडले तर ‘डीपर सर्च’.

हे सॉफ्टवेअर शोधते ते काय? विंडोजच्या एनटीएफएस रचनेतील प्रत्येक भागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये, तीन बाइटांनंतर, ‘एनटीएफएस’ ही अक्षरे लिहिलेली असतात. त्याच सेक्टरमध्ये तो भाग किती सेक्टरांचा आहे तेही असते. म्हणजे तक्त्यातून गेलेली सुरुवात आणि लांबी या दोन्ही गोष्टी भागाच्या स्वतःच्या पहिल्या पानावर मिळतात. शिवाय या सेक्टरची एक नक्कल भागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. हस्तलिखिताचे मुखपृष्ठ गेले तरी पुष्पिकेवरून ग्रंथ ओळखावा, तसे हे आहे.

थोड्या वेळात यादी आली. नवे लिनक्स, स्वॅप, ‘डी’, ‘ई’, आणि आश्चर्य म्हणजे ‘सी’ही. मला आनंद झाला, पण विद्यार्थ्याने सावध केले. यादीत दिसणे हा पुरावा नव्हे. प्रत्येक ओळीवर जाऊन ‘पी’ ही कळ दाबायची. मग त्या भागातल्या फाइलींची नावे दिसली पाहिजेत. ‘डी’वर दाबले, माझ्या वर्गटिपणांचे फोल्डर दिसले. ‘ई’वर दाबले, ‘कानबाई’, ‘आखाजी’, ‘ओव्या’ अशी फोल्डरे एकाखाली एक उभी राहिली. ‘सी’वर दाबले, तेव्हा रचना बिघडलेली असल्याने उघडता येत नाही असा संदेश आला. ‘सी’ची शेवटची पुष्पिका वाचली होती म्हणून तो यादीत आला, एवढेच.

या ठिकाणी अनेक जण घाई करतात. भाग निवडून ‘राइट’ केले की तक्ता मूळ डिस्कवर लिहिला जातो आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर भाग दिसू लागतात. हे चूक नाही, पण आधी फाइली बाहेर काढाव्यात. टेस्टडिस्कच्या फाइल-यादीतच प्रत काढण्याची सोय आहे. आम्ही ‘डी’ आणि ‘ई’मधले सारे दुसऱ्या जागी उतरवले, वीस-पंचवीस मुद्रणे ऐकून पाहिली आणि मगच थांबलो. २१२ मुद्रणे पूर्ण मिळाली.

तिसरी पायरी: नाव हरवलेल्या फाइली ओळखणे

उरल्या त्या १७. एनटीएफएस रचनेत प्रत्येक फाइलीचे नाव, तिची तारीख आणि तिचे तुकडे कुठे आहेत याची नोंद एका मुख्य सूचीत असते. ही सूची बहुधा भागाच्या सुरुवातीपासून ३ जीबीच्या आसपास सुरू होते. म्हणजे माझ्या ‘सी’ची सूची नेमकी नव्या लिनक्सच्या ४० जीबींखाली आली. फाइलींचा मजकूर पुढच्या जागेत शिल्लक असेल, पण त्यांचे नाव-गाव सांगणारे काही उरले नव्हते.

अशा वेळी ‘फोटोरेक’ वापरतात. टेस्टडिस्कसोबतच ते मिळते. नाव फोटोवरून असले तरी ते अनेक प्रकारच्या फाइली शोधते. ते सूचीकडे पाहतच नाही. सेक्टर वाचत जाते आणि फाइलींच्या प्रारंभीच्या खुणा हुडकते. माझी मुद्रणे वेव्ह प्रकारची होती. अशी फाइल ‘आरआयएफएफ’ या चार अक्षरांनी सुरू होते आणि पुढेच तिची लांबी लिहिलेली असते. म्हणून आम्ही फक्त तेवढाच प्रकार निवडला आणि सापडलेले वेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगितले.

शेकडो फाइली मिळाल्या. बहुतेक विंडोजच्या स्वतःच्या घंटा आणि टिंगटिंग. आकारमानाप्रमाणे लावल्यावर त्या बाजूला पडल्या. सीडीच्या दर्जाच्या दुहेरी ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. म्हणजे वीस मिनिटांचे गाणे २०० एमबीच्या आसपास असणार. या हिशेबाने पंधरा फाइली हाती आल्या. नावे नव्हती, फोटोरेक ‘एफ’ अक्षर आणि पुढे सेक्टरचा क्रमांक एवढेच नाव देते.

इथे मात्र संगणकाचे काम संपले आणि आपले सुरू झाले. सेक्टर-क्रमांक हे पृष्ठांकासारखे उपयोगी पडले. मी एकाच बैठकीत उतरवलेल्या फाइली डिस्कवर बहुधा जवळजवळ होत्या. मग ऐकणे. एका मुद्रणात मागे एम्ब्रॉयडरी मशीनचा आवाज होता, ते घर मला आठवले. एकात रेल्वेची शिट्टी, म्हणजे रुळांजवळची चाळ. ‘शे’ म्हणणारी गायिका आणि त्या जागी ‘हाये’ म्हणणारी गायिका यांची गावे वेगळी, हे बोलीच्या अभ्यासाने सांगता आले. क्षेत्रीय टिपणवहीत मी दिनांक, ठिकाण आणि पहिली ओळ लिहून ठेवली होती. ती साधी शंभर पानी वही नसती तर मुद्रणे मिळूनही निनावी राहिली असती.

पंधरांपैकी तेरा पूर्ण होती. दोन तुटलेली होती. दोन मिळालीच नाहीत.

तुटलेल्या दोहोंपैकी एक मायचे होते. एखादी मोठी फाइल डिस्कवर दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवली जाते. फोटोरेक पहिल्या तुकड्यापासून सरळ पुढे वाचत जाते. मध्ये दुसऱ्याचाच मजकूर आला तरी त्याला ते कळत नाही. त्यामुळे सात मिनिटे आवाज स्वच्छ आहे आणि नंतर खरखर. वहीप्रमाणे त्या दिवशी त्यांनी सोळा ओव्या म्हटल्या होत्या. सात मिनिटांत नऊ येतात. उरलेल्या सातांच्या फक्त पहिल्या ओळी वहीत आहेत. त्यांच्या सुनेला आणि शेजारणींना मी विचारले. दोन ओव्या त्यांना पुऱ्या आठवल्या. पाच गेल्या.

नव्या संगणकांविषयी

माझी डिस्क जुनी आणि फिरती होती, हे माझे नशीब. आजच्या संगणकांत परिस्थिती काही बाबतींत चांगली आणि काहींत वाईट आहे.

चांगली यासाठी की नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ भागांची सोय असते आणि तक्त्याची नक्कल डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पुढची प्रत बिघडली तर मागच्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते. जुन्या तक्त्याला २ टीबीच्या पुढे मोजता येत नाही. ही अडचणही तिथे नाही.

वाईट यासाठी की आता डिस्क बहुधा एसएसडी असते. एखादा भाग नव्याने फॉर्मॅट केला की प्रणाली एसएसडीला ‘ही जागा आता मोकळी’ असे कळवते आणि एसएसडी ती आतून खरोखर मोकळी करते. मग फोटोरेकला वाचायला काही उरत नाही. केवळ तक्ता गेला असेल तर आशा असते. फॉर्मॅट झाले असेल तर फार थोडी. दुसरे असे की अनेक लॅपटॉपमध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू असते. त्याची ४८ अंकी किल्ली आधी लिहून ठेवली नसेल तर भाग सापडूनही वाचता येत नाही.

ड्युअल बूटआधी आणि अपघातानंतर

आधी: सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’चा पडदा मोबाइलने टिपावा; कोणता भाग केवढा हे नंतर फार उपयोगी पडते. लिनक्ससाठीची जागा विंडोजमधूनच एखादा भाग आखडून मोकळी करावी. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहावी. मांडणीच्या वेळी ‘डिस्क पुसा’ आणि ‘नवा तक्ता’ या दोन्हींपासून दूर राहावे. नवखा असेल त्याने ‘शेजारी बसवा’ हाच पर्याय घ्यावा.

नंतर: संगणक ताबडतोब बंद करावा. त्या डिस्कवर काहीही उतरवू नये. विंडोज ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉर्मॅट करा’ असे सुचवते, तिथे नाही म्हणावे. डिस्क तपासून दुरुस्त करण्याची विंडोजची आज्ञाही चालवू नये, कारण ती जे न जुळेल ते बदलून टाकते. आधी प्रतिमा, मग शोध, मग प्रत आणि सर्वांत शेवटी तक्ता लिहिणे, हा क्रम मोडू नये. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर हे काहीच घरी करू नये. तो यंत्राचा बिघाड आहे आणि तो जाणकारांकडे न्यावा.

समारोप

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, ती दप्तरे वाण्याच्या पुड्यांत जाण्याआधी वाचवावीत म्हणून. त्यांचे निधन १९२६ साली धुळ्यात झाले आणि त्यांचा संग्रह सांभाळणारे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. साधने गोळा करणे हे निम्मे काम आहे. ती एकापेक्षा अधिक ठिकाणी सुरक्षित ठेवणे हे उरलेले निम्मे. माझ्या पिढीने पहिले उत्साहाने केले आणि दुसरे यंत्रावर सोपवले.

जपणुकीचा एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्याकडे आता एक प्रत संगणकात, एक बाह्य डिस्कवर आणि एक शिरपूरला भावाच्या घरी असते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता, तो पाहिलेल्या माणसाला तिसऱ्या प्रतीचे कारण समजावून द्यावे लागत नाही. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी एक अटही घातली आहे: मुद्रण झाले त्याच रात्री त्याची दुसरी प्रत निघाली पाहिजे आणि पहिली ओळ वहीत उतरली पाहिजे. दोन्हींना मिळून अर्धा तास लागत नाही.

मायच्या नऊ ओव्या आणि आठवणीतून जमवलेल्या दोन, अशा अकरा ओव्या मी लिप्यंतर करून त्यांच्या घरी दिल्या. त्यांच्या नातीने त्या मोबाइलवर ऐकल्या. आवाज तुटतो तिथे तिने विचारले, “पुढे?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या कोणा अभ्यासकावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेख लिहिला.